रुग्णाचे शरीर, डॉक्टरांचे संशोधन आणि आपली सही

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस आहे. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध खोकल्याच्या औषधापुरता. तेव्हा आजचा विषय ऐकून आमच्या विज्ञानाच्या सरांनी भुवया उंचावल्या, यात त्यांचा दोष नाही. हा विषय मला पुस्तकातून सापडला नाही. तो एका बरणीमुळे माझ्या मागे लागला.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच शिक्षण सेवक म्हणून लागलो होतो. माझ्या अम्मीच्या पोटात गाठ झाली आणि जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात ऑपरेशन ठरले. खिडकीवरच्या माणसाने चार पानांचा इंग्रजी फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाला, "इथं सही करा, इथं करा आणि इथं करा." मी तिन्ही ठिकाणी सही केली. अम्मी शेजारच्या बाकावर बसली होती. ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, सही करते, रोज वर्तमानपत्र वाचते. पण फॉर्म तिच्याकडे द्यावा हे त्या माणसाला सुचले नाही आणि मलाही सुचले नाही. मी पदवीधर ना! फॉर्म मीही वाचला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

ऑपरेशन झाल्यावर सिस्टरने माझ्या हातात प्लास्टिकची झाकणाची बरणी दिली. आत औषधाच्या पाण्यात अम्मीच्या पोटातली गाठ. "ही तपासायला नेऊन द्या." तुमच्यापैकी अनेकांनी अशा बरण्या नेल्या असतील. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली आणि रिक्षाने प्रयोगशाळेत पोचवली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. अल्लाच्या मेहेरबानीने गाठ साधी निघाली. घरात आनंद झाला.

फक्त माझी दादी, जी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, तिने मला एकट्याला बोलावून विचारले, "बेटा, जे काढलं त्याला माती दिली का?"

मी रिपोर्ट आणायला गेलो होतो तेव्हा खरे तर विचारले होते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ते काही दिवस आमच्याकडे असतं, मग जातं. मास्तर, तुम्हाला काय करायचंय त्याचं?" मला खरोखरच उत्तर देता आले नाही. दादीला मी सांगितले, "हो, दिली." ते खोटे होते. दादी आज नाही. तिच्याशी मी फार वेळा खोटे बोललो नाही. पण हे बोललो.

प्रयोगशाळेने काही गैर केले असे मी म्हणत नाही. अशा गाठीचा छोटा तुकडा कापून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहतात. उरलेला भाग काही दिवस ठेवून पिवळ्या पिशवीत जातो आणि नियमाप्रमाणे जाळला किंवा खोल पुरला जातो. माती द्यावी की नाही, याचा मसला सांगायला मी आलिम नाही. मला छळत राहिली ती एवढीच गोष्ट, की माझ्या आईच्या देहाचा एक भाग कुठे गेला, हे विचारणे त्या माणसाला विचित्र वाटले आणि मलाही लाज वाटली.

पुढे वाचता वाचता अमेरिकेतील एका बाईची हकीकत हाती लागली. ती आज तुम्हाला सांगायची आहे.

तिचे नाव हेन्रिएटा लॅक्स. जन्म १९२० चा, व्हर्जिनिया राज्यातला. काळ्या शेतमजुरांचे, तंबाखूच्या शेतात राबणारे घराणे. शिक्षण सहावी-सातवीपर्यंत. लग्नानंतर ती बाल्टिमोर शहराजवळ राहायला आली, नवरा पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. पाच मुले झाली. १९५१ च्या जानेवारीअखेर पोटाच्या तक्रारीसाठी ती वीस मैलांवरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. काळ्या माणसांना उपचार देणारी मोठी रुग्णालये त्या काळी थोडी होती आणि इथेही काळ्यांचे वॉर्ड वेगळे होते. निदान झाले गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे. तिने ऑपरेशनच्या परवानगीच्या कागदावर सही केली. ती गुंगीत असताना रेडियमचा उपचार करण्यापूर्वी सर्जनने जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढे दोन तुकडे कापून घेतले, एक रोगट भागाचा आणि एक निरोगी भागाचा. ते त्याच रुग्णालयातील संशोधक जॉर्ज गाय यांच्याकडे गेले. हे तिला कोणी सांगितले नाही. तिला विचारलेही नाही.

गाय अनेक वर्षांपासून मानवी पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याच्या खटपटीत होते. पेशी काही दिवस जगत आणि मरून जात. या बाईच्या रोगट पेशी मात्र मेल्या नाहीत. दर चोवीस तासांनी त्या दुप्पट होऊ लागल्या. त्यांच्या सहाय्यक मुलीने नळीवर नाव घातले 'हेला'. हेन्रिएटा आणि लॅक्स या दोन नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमधील पहिली दोन-दोन अक्षरे. ही हकीकत मी नववीच्या वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, हेला म्हणजे रेडा ना?" वर्ग हसला. मीही हसलो. शब्द आपल्याकडे खरोखरच तसा आहे, आणि ज्याला कामाला जुंपताना कोणी विचारत नाही अशा जनावराचा आहे.

हेन्रिएटा ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वारली. वय एकतीस. तिच्या गावी तिला पुरले, कबरीवर दगडही नव्हता. तो बसला २०१० साली.

पेशी मात्र वाढतच राहिल्या. पोलिओची लस तपासण्यासाठी अमेरिकेला भरपूर पेशी हव्या होत्या. त्यासाठी १९५३ पासून टस्किगी संस्थेत हेला पेशींचा जणू कारखानाच उघडला. आठवड्याला वीस हजार नळ्यांपर्यंत माल तिथून जाई, आणि काम करणारे बहुतेक तंत्रज्ञ काळेच होते. पुढे कर्करोग, क्षयरोग, किरणोत्साराचे परिणाम, जनुकांचे नकाशे, सगळीकडे हेला. अवकाशातही त्या पाठवल्या गेल्या. २०१३ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक शोधनिबंधांत त्यांचा उल्लेख झाला होता. आपल्या मुलांना पोलिओचे दोन थेंब पाजताना त्यामागच्या विद्येत या बाईचा वाटा आहे, हे लक्षात असू द्या. गाय यांनी पेशी संशोधकांना फुकट वाटल्या. पुढे खाजगी कंपन्यांनी त्या विकायला सुरुवात केली.

याच टस्किगीत दुसरे एक काम चालू होते. सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ पासून सुमारे सहाशे काळ्या पुरुषांचे निरीक्षण चालवले होते. त्यांतील ३९९ जणांना उपदंशाचा रोग होता. 'तुमचे रक्त खराब आहे' एवढेच त्यांना सांगत. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे या रोगाचे हमखास औषध ठरले, तरी ते त्यांना दिले नाही, कारण रोग पुढे काय करतो ते पाहायचे होते. १९७२ साली वर्तमानपत्रांनी ही गोष्ट फोडली तेव्हा ते थांबले. एकाच गावात पोलिओपासून जग वाचवण्याचे काम आणि हेही काम. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी यावर पुष्कळ विचार केला आहे. दोन्ही ठिकाणच्या लोकांना आपण विद्येची सेवा करतो असेच वाटत असणार.

आता लॅक्स कुटुंबाकडे येऊ. आईच्या पेशी जगभर हिंडताहेत हे मुलांना १९७३ पर्यंत, म्हणजे ती गेल्यावर बावीस वर्षे, माहीत नव्हते. पुस्तकांतून तिचे नाव 'हेलन लेन' असे चुकीचे छापले जाई. संशोधकांना कुटुंबाच्या रक्ताची गरज लागली तेव्हा फोन आला. तो तिच्या नवऱ्याने घेतला, ज्याचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. पेशीला इंग्रजीत 'सेल' म्हणतात. त्याला माहीत असलेला सेल म्हणजे तुरुंगाची कोठडी. आपल्याकडेही पेशी म्हटले की अनेकांना कोर्टाची तारीखच आठवते, तसेच. त्याची समजूत झाली, की आपली बायको कुठल्याशा प्रयोगशाळेत अजून जिवंत ठेवली आहे आणि आता मुलांना कर्करोग आहे का ते तपासणार आहेत. मुलांनी रक्त दिले. मुलगी डेबोरा निकालाची वाट पाहत राहिली. आपणही आईच्याच वयात जाणार ही भीती तिच्या मनात घर करून बसली. निकाल यायचाच नव्हता, कारण ती तपासणी तिच्यासाठी नव्हतीच.

२००१ साली हॉपकिन्समधल्याच एका तरुण संशोधकाने डेबोराला आणि तिच्या धाकट्या भावाला प्रयोगशाळेत बोलावले. या भावाने पुढील आयुष्यात इस्लाम स्वीकारला होता. पन्नास वर्षांत त्यांना आईच्या पेशी दाखवाव्या असे प्रथमच कोणाला वाटले. गोठवलेली नळी हातात घेतल्यावर ती गार लागली, म्हणून डेबोराने तिच्यावर फुंकर घातली. ही हकीकत वाचताना मला माझी बरणी आठवली. रिक्षात ती मी मांडीवर घेतली होती. खाली ठेववेना.

कोणी म्हणेल, एवढा फायदा झाला, मग तक्रार कसली? हा प्रश्न मलाही बरेच दिवस अडला. रुग्णालयाची बाजूही ऐकली पाहिजे. १९५१ साली अशा तुकड्यांसाठी विचारण्याची पद्धत नव्हती, तसा कायदाही नव्हता, आणि या पेशी विकून आम्ही पैसे केले नाहीत असे हॉपकिन्स सांगते. हे मी नाकारत नाही. पण न्यूरेंबर्गचा निवाडा १९४७ चा आहे. माणसावर प्रयोग करण्यापूर्वी त्याची राजीखुशी घेतली पाहिजे, हे जगाने तेव्हाच लिहून ठेवले होते. जर्मनीतल्या डॉक्टरांना ते लागू आणि बाल्टिमोरच्या वॉर्डातल्या बाईला नाही, असे कसे? शिवाय फायदा झाला हे नंतर कळते. विचारायचे असते आधी.

ही सगळी हकीकत मी एका रात्री अम्मीला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. दुसऱ्या कुणाची लेकरं वाचत असतील तर नाही कशाला म्हणू? पण विचारायला त्यांचं काय जात होतं?" आणि मग माझ्याकडे पाहून, "तू तरी कुठं विचारलंस?"

सही म्हणजे काय, हे जॉन मूर नावाच्या एका अमेरिकन रुग्णाच्या गोष्टीवरून चांगले समजते. १९७६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगासाठी त्याची प्लीहा काढली. पुढे सात वर्षे तपासणीसाठी म्हणून डॉक्टर त्याला सिएटलहून बोलावत राहिले. १९८३ मध्ये त्याच्यापुढे एक फॉर्म आला : माझ्या रक्तातून जे काही निर्माण होईल त्याचे हक्क मी विद्यापीठाला देतो किंवा देत नाही, एकावर गोल करा. पहिल्यांदा त्याने होकारावर गोल केला. पुढच्या खेपेला मनात पाल चुकचुकली आणि नकारावर केला. त्यावर 'चुकून झाले असेल, दुरुस्त करा' म्हणून मागणी सुरू झाली. मग तो वकिलाकडे गेला आणि कळले, की त्याच्या पेशींवर पेटंटचा अर्ज झालेला आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली निकाल दिला, की काढून टाकलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी नाही, पण त्यात आपला काय स्वार्थ आहे हे डॉक्टरने आधी सांगायलाच हवे होते. अर्धा निकाल त्याच्या बाजूने म्हणा. लॅक्स कुटुंबाला मात्र थोडा न्याय उशिरा का होईना मिळाला. २०१३ मध्ये तिच्या पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा कुटुंबाला न विचारता पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा सरकारी आरोग्य संस्थेने समिती नेमून त्यात कुटुंबातले दोघे घेतले. पेशी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने २०२३ मध्ये तडजोड केली. रक्कम जाहीर झालेली नाही.

दादीचा प्रश्न अडाणीपणाचा वाटत असेल त्यांच्यासाठी लिव्हरपूलची एक गोष्ट. तिथल्या अल्डर हे या मुलांच्या रुग्णालयात १९८८ ते १९९५ या काळात शवविच्छेदन झालेल्या बालकांचे अवयव काढून साठवून ठेवले होते. आईबापांनी कागदावर सह्या केल्या होत्या. कागदात 'टिश्यू' असा शब्द होता आणि त्यांना वाटले की चिमूटभर तुकडा. प्रत्यक्षात सबंध काळीज ठेवलेले. १९९९ मध्ये हे उघडकीस आले आणि कित्येक आईबापांनी एकाच मुलाचे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दफन केले. शिकलेले, इंग्रजी मातृभाषा असलेले लोक होते ते. त्यानंतर तिथे २००४ साली नवा कायदा झाला.

आपल्या देशात काय आहे? सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिल्लीतील एका खटल्यात सांगितले, की शुद्धीवर येऊ शकणाऱ्या, सज्ञान रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घेतली पाहिजे. त्या खटल्यात मुलगी गुंगीत असताना तिच्या आईची संमती घेतली होती. न्यायालयाने ती धरली नाही. म्हणजे अम्मी शेजारी बसलेली असताना मी केलेल्या त्या तीन सह्यांना काय किंमत होती, ते तुम्हीच पाहा. संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांत साठवलेल्या नमुन्यांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, नकार दिला म्हणून उपचार अडवू नयेत, दिलेली संमती मागे घेता यावी, असे त्यांत आहे. मात्र नाव-गाव पुसलेल्या उरल्यासुरल्या नमुन्यांसाठी नैतिकता समिती ही अट माफ करू शकते. हेही माहीत असलेले बरे.

आता मला स्वतःच्या व्यवसायाबद्दल बोलायचे आहे. हेन्रिएटाच्या पेशींतच पुढे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या संशोधनात, तिचा कर्करोग ज्या विषाणूने होतो त्याचा एक प्रकार सापडला. त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. त्या ज्ञानातून मुलींसाठी लस आली. आपल्या पुण्यात बनवलेल्या लशीलाही २०२२ मध्ये परवानगी मिळाली. लस चांगली आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोद्याकडे या लशीचा एक अभ्यास झाला. सात मुलींच्या मृत्यूनंतर तो २०१० मध्ये थांबवला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण संसदेच्या समितीने २०१३ मध्ये संमतीचे फॉर्म तपासल्याचे सांगितले. आंध्रातील ९,५४३ फॉर्मपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आईबापांना पत्ता नाही आणि वॉर्डन सही करून मोकळे.

हे वॉर्डन म्हणजे कोण? माझ्यासारखेच शाळेतले लोक. हा आकडा वाचून मी त्यांना मनात नावे ठेवली आणि मग २०१८ चा नोव्हेंबर आठवला. गोवर-रुबेलाच्या लशीची मोहीम शाळेत आली होती. बाजारात भाजी विकणाऱ्या एक भगिनी गेटवर येऊन मला विचारू लागल्या, "मास्तर, ही सुई कशाची? आत्ताच का? पहिल्या सुया दिल्यात की." माझ्या हातात दोनशे मुलांची यादी होती. मी म्हणालो, "सगळे देताहेत. तुम्हाला त्यातलं काय समजणार?" त्या मुलाचा हात धरून घरी निघून गेल्या. मी स्टाफरूममध्ये येऊन आपल्या समाजाच्या अज्ञानावर पाच मिनिटे भाषण केले. दोन दिवसांनी आरोग्य केंद्राच्या सिस्टर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या, गोवर म्हणजे काय, पोटुशी बाईला रुबेला झाला तर बाळाला काय होते, ते सांगितले. मुलाला त्याच आठवड्यात लस मिळाली. बाईंनी लस नाकारली नव्हती. त्यांनी प्रश्न विचारला होता, आणि मला तो नकार वाटला होता.

काउंटरवरचा तो माणूस मला 'तुम्हाला काय करायचंय' म्हणाला, त्याचा राग मी दहा वर्षे धरला. आणि मी स्वतः?

म्हणून आजपासून माझ्या वर्गाच्या कोणत्याही फॉर्मवर, सहलीचा असो, शिष्यवृत्तीचा असो की तपासणीचा, पालकांच्या जागी विद्यार्थ्याने केलेली सही मी घेणार नाही. विद्यार्थी मित्रांनो, अब्बांची सही कोणाकोणाला हुबेहूब येते ते मला ठाऊक आहे. आणि पालकांना विनंती : दवाखान्याचा फॉर्म असेल, काढलेला तुकडा कुठे जाणार, संशोधनासाठी ठेवणार का, असे काही विचारायचे असेल आणि इंग्रजी अडत असेल, तर दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास मी ऑफिसच्या शेजारच्या खोलीत बसेन. आमच्या विज्ञानाच्या सरांनीही येण्याचे कबूल केले आहे. ऑपरेशन करावे की नाही ते आम्ही सांगणार नाही, ते डॉक्टरांचे काम. फॉर्म वाचून दाखवू, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मराठीत किंवा उर्दूत कागदावर लिहून देऊ. येताना ज्यांचे ऑपरेशन आहे त्यांना सोबत घेऊन या. नुसता मुलगा आला तर मी फॉर्म वाचणार नाही.